हेडफोन नव्हे, छत बदला

इंदुरातल्या मराठी उद्योजकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये एक संदेश सध्या वारंवार फिरतो आहे. सगळ्यांना एका मोकळ्या हॉलमध्ये बसवले की संवाद वाढतो, आवाजाची आठवडाभरात सवय होते, ज्याला त्रास होईल त्याने हेडफोन लावावेत आणि अगदीच असह्य झाले तर भिंतीला फोम चिकटवावा, असा त्याचा आशय आहे. विजयनगर आणि सुपर कॉरिडॉरकडे नवे कार्यालय थाटणारा कोणीही हे वाचून ठेकेदाराला तसेच सांगू शकतो, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासणे आवश्यक वाटते.

संवाद वाढतो, हा पहिला दावा. एथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन या संशोधकांचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच्या नेमका उलट आहे. दोन कंपन्यांच्या मुख्यालयांत भिंती काढण्यापूर्वी आणि काढल्यानंतर कर्मचाऱ्यांच्या अंगावर सेन्सर लावून त्यांनी मोजमाप केले, तेव्हा समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि ईमेल वाढले. चारचौघांच्या कानावर जाईल असे बोलायला माणूस कचरतो, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

सवयीचा दावा अधिक फसवा आहे, कारण काही दिवसांनी आवाज जाणवेनासा होतो हे खरेच आहे. परंतु गॅरी इव्हान्स आणि डॅना जॉन्सन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४० महिला कर्मचाऱ्यांपैकी काहींना तीन तास कार्यालयीन गोंगाटात बसवले, तेव्हा त्यांनी अधिक ताण जाणवल्याचे सांगितले नाही, तरी त्यांच्या शरीरातले अ‍ॅड्रेनलिन वाढलेले आढळले आणि पुढे दिलेली अवघड कोडी त्यांनी शांततेत बसलेल्यांपेक्षा लवकर सोडून दिली. कोणाची तक्रार आली नाही, म्हणून कोणाला त्रास नाही, असा अर्थ मालकाने काढू नये.

त्यातही सगळे आवाज सारखे नसतात. एसीच्या एकसुरी घरघरीपेक्षा माणसाचे बोलणे कामात कितीतरी अधिक व्यत्यय आणते, आणि शब्द जितके स्पष्ट ऐकू येतील तितका तो वाढतो. तीन टेबलांपलीकडे कोणी फोनवर ओटीपी सांगत असेल, तर बिल करणाऱ्याच्या हातून तेच आकडे टाइप होतात. नेमक्या याच ठिकाणी हेडफोनचा सल्ला अपुरा ठरतो, कारण आवाज दाबणारे हेडफोन संथ, खालच्या पट्टीतली घरघर चांगली कमी करतात, बोलणे मात्र तितके नाही. शिवाय कान झाकून बसलेल्या माणसाशी संवाद कसा वाढणार, हे त्या संदेशात कुठेच सांगितलेले नाही.

फोमबद्दल थोडक्यात सांगायचे तर तो खोलीतला प्रतिध्वनी काही प्रमाणात शोषतो, पण शेजारच्या खोलीतला आवाज अडवत नाही; त्यासाठी भिंतीला वजन लागते आणि फटी बुजवाव्या लागतात. साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम झटकन पेट घेतो, ही बाब तर फारच गंभीर आहे.

खरा दोष खोलीत असतो. खाली कोटा फरशी किंवा टाइल्स, रस्त्याकडे काच आणि वर पीओपीचे छत, असे सगळे पृष्ठभाग कडक असले की आवाज शोषायला काहीच उरत नाही. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाइन यांच्या सूत्रानुसार १५ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशा रिकाम्या हॉलमध्ये सरासरी शोषण ०.०५ धरले, म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या आवाजाचा फक्त ५ टक्के भाग शोषला जातो असे मानले, तर आवाज विरायला सुमारे ३.२ सेकंद लागतात. फक्त छत ०.८ शोषण असलेल्या मिनरल फायबर टाइल्सचे केले की हा काळ अर्ध्या सेकंदाच्या जवळ येतो. त्यानंतर टेबलांमध्ये आवाज शोषणारे पडदे-पार्टिशन आणि फोनवर बोलण्यासाठी दार असलेली एक लहान खोली द्यावी, कारण केवळ छताने जवळच्या टेबलावरचे बोलणे थांबत नाही. सीलिंगचे कोटेशन घेताना टाइलची जाडी आणि डिझाइन विचारतो, तसा तिचा एनआरसी, म्हणजे ध्वनिशोषणाचा आकडाही लेखी मागून घ्यावा.