आ-हा हा एकाच गाण्याचा बँड नाही

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात 'एका गाण्यावर जगलेले बँड' असा फॉरवर्ड आला. त्यात नॉर्वेच्या आ-हाबद्दल लिहिलं होतं की पहिल्याच फटक्यात 'टेक ऑन मी' लागलं, तेही व्हिडिओच्या जोरावर. त्यातला वरचा सूर मशीनने काढलेला. पुढे बँड गायब झाला. आणि बाकीची गाणी ऐकण्यासारखी नाहीत. माझी भाची कीबोर्ड शिकते, याच बँडचं 'स्काउंड्रल डेज' बसवत होती. तिचा मेसेज आला, "मामा, हे तर असेच निघाले. दुसरं काहीतरी सुचव ना." मग मात्र मला राहवलं नाही.

आधी ते मशीन. याचाच मला सगळ्यात जास्त राग आला, कारण एका गायकाची आयुष्यभराची मेहनत त्यात पुसली जाते. 'टेक ऑन मी'चं ध्रुवपद खर्जातून उठतं आणि अडीच सप्तकं चढतं. बँडचा गायक मॉर्टन हार्केट वरच्या टोकाला फॉल्सेटोत जातो, म्हणजे आवाज हलका करून वरचा सूर लावतो. हे गळ्याचं तंत्र आहे. २०१७ मध्ये गिस्के नावाच्या नॉर्वेतल्या बेटावर 'एमटीव्ही अनप्लग्ड' या कार्यक्रमासाठी त्याने हेच गाणं अकूस्टिक, म्हणजे विजेशिवायच्या वाद्यांच्या साथीवर, लय अगदी उतरवून गायलं. तेव्हा तो सत्तावन्न वर्षांचा होता. ते रेकॉर्डिंग ऐका, मग मशीनचं बोला. २०००च्या 'समर मूव्हड ऑन'मध्ये तर तो एकच सूर वीस सेकंद धरतो.

'पहिल्याच फटक्यात' हेही खोटं. १९८४ मध्ये हे गाणं आलं आणि इंग्लंडमध्ये पडलं. निर्माता ॲलन टार्नीने ते नव्याने रेकॉर्ड केलं, तेही आधी पडलं. १९८५ मध्ये पुन्हा बाजारात आणलं, तेव्हा कुठे ते लागलं. त्या वेळी पेन्सिलचित्रांच्या व्हिडिओने मोठा हात दिला, एवढं मला मान्य करावं लागतं. अमेरिकेत त्या उंचीवर त्यांचं दुसरं गाणं गेलं नाही, हेही खरं. पण अमेरिका म्हणजे जग नव्हे.

गायब झाले म्हणे! ब्रिटनचे चार्ट, म्हणजे खपावर ठरणाऱ्या गाण्यांच्या क्रमवाऱ्या, उघडून बघा. जानेवारी १९८६ मध्ये 'द सन ऑलवेज शाइन्स ऑन टीव्ही' पहिल्या क्रमांकावर होतं; 'टेक ऑन मी' तिथे दुसऱ्याच्या वर गेलंच नव्हतं. १९८८ पर्यंत त्यांची आठ गाणी तिथल्या पहिल्या दहांत येऊन गेली. त्यात १९८७ च्या बाँडपटाचं शीर्षकगीतही आहे. १९९१ मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये त्यांना ऐकायला जवळपास दोन लाख लोक तिकीट काढून आले, त्याची गिनेसमध्ये नोंद झाली.

बाकी गाण्यांचं काय सांगू! 'मॅनहॅटन स्कायलाइन' लावा. निरोपाचं हळवं गाणं चालू असतं आणि मध्येच गिटार अंगावर येते. 'स्काउंड्रल डेज' रात्रीच्या धास्तीने दबकत सुरू होतं आणि ध्रुवपदाला एकदम मोकळं होतं. भाचीचं अडलंय ते याच वळणावर. रविवारी तिच्याकडे जाऊन मी तिच्याबरोबर बसणार आहे.