‘खानदेशी माणसाला वाळवंटासाठी वेगळी तयारी कशाला?’ या दाव्याचा प्रतिवाद

जळगाव-भुसावळचा उन्हाळा काढलेल्या माणसाला थरच्या वाळवंटात तंबू टाकून राहायला वेगळी तयारी लागत नाही, अशा आशयाचा एक संदेश सध्या आपल्याकडे मोबाइलवर फिरतो आहे. माणशी दोन लिटर पाणी आणि एक चादर पुरते, वारा चुकवण्यासाठी मुक्काम कोरड्या नाल्यात करावा आणि तंबूभोवती मीठ टाकले की साप फिरकत नाही, असेही त्यात ठामपणे सांगितले आहे. हिवाळ्यात पहिल्यांदाच जैसलमेरकडे निघालेली मंडळी तो विश्वासाने पुढे पाठवत आहेत, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

उन्हाची सवय शरीराला होते, हे खरेच आहे. मात्र ती साधारण दोन आठवड्यांत लागते आणि ऊन ओसरल्यावर काही आठवड्यांत जाते, त्यामुळे मे महिन्यातली सवय डिसेंबरात कामी येत नाही. शिवाय सवय झालेल्या शरीराला घाम लवकर आणि अधिक येतो, म्हणजे त्याला पाणी कमी नव्हे, जास्तच लागते. कोरड्या हवेत हा घाम अंगावर दिसण्याआधीच उडून जातो, सदरा कोरडाच राहतो आणि तहान उशिरा लागते. दिवसभर वाळूत चालायचे असेल तर पिण्यासाठीच माणशी चार ते पाच लिटर पाणी धरावे, स्वयंपाकाचे वेगळे घ्यावे, एका दिवसाचे राखून ठेवावे आणि ते सगळे एकाच कॅनमध्ये भरू नये.

चादरीचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. डिसेंबर-जानेवारीत जैसलमेरचा रात्रीचा पारा अनेकदा ८ अंशांच्या खाली जातो, कारण आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि दिवसा तापलेली वाळू सूर्य मावळताच झपाट्याने उष्णता सोडते. रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला हे नव्याने सांगायला नको. अशाच निरभ्र रात्री बाग वाचवण्यासाठी तो बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतो. तंबूत तर थंडी खालूनही चढते. अंगावर दोन गोधड्या असल्या तरी पाठीखाली जाड फोमची चटई नसेल, तर पहाटे तीनला झोप मोडते ती मोडतेच. लोकरी टोपी आणि कोरडे मोजे झोपण्यासाठी वेगळे ठेवावेत.

नाल्याविषयी बोलायचे तर, ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यातील कवास परिसर पुराखाली गेला होता. कमी पावसाच्या प्रदेशातही पाणी असे अचानक येते. सातपुड्यात पाऊस पडला की खाली कोरडे असलेले नाले कसे भरून येतात, हे चोपडा-शिरपूरकडच्या माणसाने तरी विसरू नये. हिवाळ्यात पुराची भीती फारशी नसली, तरी थंड हवा खोलगट जागीच साचते. त्यापेक्षा टेकड्यांमधली थोडी उंच, घट्ट जमीन निवडावी. भुसभुशीत वाळूत बारीक खुंट्या वाऱ्याने उपटतात, म्हणून पिशव्यांत वाळू भरून, त्यांना तंबूच्या दोऱ्या बांधून त्या हातभर खोल पुराव्यात.

मिठाने साप अडत नाही. आपल्या माळरानावरचे फुरसे थरमध्येही आढळते. तंबूची चेन सदैव लावलेली असावी, रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नये, सकाळी बूट झटकूनच घालावेत आणि सर्पदंशावरची लस असलेले जवळचे सरकारी रुग्णालय कोणते, हे मुक्कामाला पोहोचण्यापूर्वीच विचारून घ्यावे.