मामांच्या ‘नॉर्मल’ रिपोर्टबद्दल

भाऊ, सगळ्यात आधी मामांबद्दल. आतड्याच्या कॅन्सरवरचा माझा लेख वाचून त्यांनी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉलसारख्या चरबीची नेहमीची तपासणी) केली, कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, आणि संडासातून रक्त जातंय ते मूळव्याध समजून त्यांनी सोडून दिलं, असं तुम्ही लिहिलंय. त्या रिपोर्टवर विसंबू नका. त्यांना याच आठवड्यात जळगावला किंवा धुळ्याला पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. रक्त मूळव्याधीचंही असेल, पण ते तपासल्याशिवाय घरच्या घरी ठरवायचं नाही.

तुमचा राग रास्त आहे. ‘रक्तातल्या चरबीवरून हा कॅन्सर ओळखता येईल’ असं मी लिहिलं, पण कोणती चरबी ते सांगितलं नाही. चूक माझी.

मी लॅबमध्ये काम करतो. थंडीत भरीत पार्ट्या सुरू झाल्या की रात्री उशिरा बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि पुऱ्या खाऊन माणसं सकाळी रक्त द्यायला येतात. ट्यूब मशीनमध्ये फिरवून काढली की एरवी फिकट पिवळा, आरपार दिसणारा सीरम, म्हणजे रक्ताचा वर राहणारा पातळ भाग, ताकासारखा पांढरट झालेला असतो. ती आदल्या रात्रीच्या जेवणातली चरबी. तिच्यावरून आतड्यातलं काहीच कळत नाही.

संशोधक ज्या चरबीबद्दल बोलतात ती वेगळी. कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी भराभर वाढतात. प्रत्येक नव्या पेशीला आवरण लागतं आणि ते मुख्यतः चरबीचंच असतं. मग रक्तातून मिळेल त्यावर न भागवता या पेशी साखरेपासून स्वतःच चरबी तयार करू लागतात. ते काम करणारं फॅटी ॲसिड सिंथेज हे एन्झाइम आतड्याच्या कित्येक गाठींत शेजारच्या निरोगी अस्तरापेक्षा जास्त सापडतं. याच्या खुणा रक्तात शोधायच्या तर शेकडो लिपिड, म्हणजे चरबीचे प्रकार, मास स्पेक्ट्रोमीटर या रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर वेगवेगळे मोजावे लागतात. लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन हा त्यातला एक, काही अभ्यासांत तो रुग्णांमध्ये कमी आढळलाय. पण शरीरात दुसरीकडे सूज असली तरी तो कमी होतो. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये तर तो नसतोच.

उलट १९७४ साली जेफ्री रोझ या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं होतं की मोठ्या आतड्याचा कॅन्सर पुढे झालेल्यांचं कोलेस्टेरॉल आधी अपेक्षेपेक्षा कमीच होतं. लपलेली गाठच ते खाली आणते का, यावर पुढे बराच वाद झाला. म्हणजे नॉर्मल काय, कमी आलं तरी निर्धास्त होता येत नाही. सीईए हा रक्तात मोजता येणारा, या कॅन्सरची खूण मानला जाणारा पदार्थ १९६५ पासून माहीत आहे, तरी तो मुख्यतः उपचारानंतर लक्ष ठेवायलाच वापरतात. गाठ आहे का याची खात्री करायला आजही कोलोनोस्कोपीच, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघणं, लागते.

‘असलं संशोधन इंग्रजीतच राहू द्या’ हे तुमचं म्हणणं मात्र मला पटत नाही. मूळव्याध समजून वर्ष घालवणारी आपली माणसं मराठीच वाचतात. लेखातलं ते चुकीचं वाक्य आज बदललंय आणि लेखाच्या वर ठळक लिहिलंय की ही तपासणी लिपिड प्रोफाइल नव्हे.

कोलोनोस्कोपीच्या आधी पोट साफ करायचं औषध भरपूर पाण्यातून घ्यावं लागतं, सारखं संडासला जावं लागतं. मामांचं वय बघता रात्री घरात कुणीतरी जागं राहा. रक्त पातळ करणारी किंवा शुगरची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.