क्लबच्या तोट्याची वर्गणी

गेली तीन वर्षे ठाण्याहून सुटणाऱ्या एकाच लोकलच्या एकाच डब्यात मी एका चार्टर्ड अकाउंटंट गृहस्थाशेजारी, बहुतेक वेळा चौथ्या सीटवर अर्धे अंग बाहेर काढून, बसत आलो आहे आणि गेली तीन वर्षे दर सोमवारी हा गृहस्थ मला मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडातल्या फुटबॉल क्लबचा ताळेबंद समजावून सांगत आला आहे. आम्ही दोघेही त्या क्लबचे चाहते आहोत. १९९९ च्या मे महिन्यात बार्सिलोनातल्या अंतिम सामन्यात बायर्न म्युनिकवर नव्वद मिनिटे उलटल्यावर दोन गोल झाले, त्या रात्री मी चाळीतल्या शेजाऱ्यांना उठवले होते. तो या नादाला बराच नंतर लागला, पण त्यामुळे त्याचा उत्साह कमी आहे असे नाही. माझी तक्रार त्याच्या उत्साहाविषयी नाहीच. क्लबने तिकिटाचे दर वाढवले की हा माणूस ज्या समजूतदार स्वरात ‘अरे, खर्च वाढलेत, पैसा आणणार कुठून?’ असे विचारतो, तो स्वर मला सहन होत नाही. मालक मालकासारखा वागणार, हे मी गृहीत धरले आहे. परंतु ज्याच्या खिशात हात घातला जातो आहे तोच माणूस हात घालणाऱ्याची वकिली करू लागला, की माझे डोके फिरते.

२०२४ च्या हिवाळ्यात, हंगाम निम्म्यावर आलेला असताना, या क्लबने उरलेल्या सामन्यांसाठी सदस्यांना मिळणाऱ्या तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड केला. सरसकट म्हणजे खरोखरच सरसकट. त्याआधी प्रौढांचे तिकीट ४० पौंडांपासून आणि लहान मुलांचे २५ पौंडांपासून मिळत असे. नव्या दरात मुलांना सवलत नव्हती आणि ज्येष्ठ नागरिकांनाही नव्हती. माझा मावसभाऊ नोकरीनिमित्त मँचेस्टरजवळ राहतो आणि त्याची दहा वर्षांची मुलगी वर्षभर ज्या एका सामन्याची वाट पाहत होती, त्याचे तिच्या एकटीचे तिकीट आपल्या पैशांत सात हजारांच्या घरात गेले. त्याने फोनवर हे सांगितले तेव्हा त्याच्या आवाजात रागापेक्षा ओशाळलेपणच जास्त होते, जणू त्यानेच काही चूक केली होती. दुसऱ्या दिवशी मी हे गाडीत सांगितले. आमचे सीए साहेब चष्मा पुसत म्हणाले, “पण त्यांचा तोटा बघितलास का? अकरा कोटी पौंडांच्या वर आहे.”

मी तोटा बघितला होता. २०२३-२४ या आर्थिक वर्षात क्लबला ११ कोटी ३२ लाख पौंडांचा तोटा झाला, हे खरे आहे. परंतु त्याच वर्षी क्लबचे उत्पन्न ६६ कोटी १८ लाख पौंड होते आणि त्यातले ३६ कोटी ४७ लाख पगारांवर गेले, हेही त्याच कागदावर लिहिलेले आहे. उत्पन्नाच्या तीन मोठ्या वाटांपैकी जाहिरात-प्रायोजनातून ३० कोटींवर, प्रक्षेपणातून २२ कोटींवर आणि सामन्याच्या दिवशीच्या तिकीट-खाण्यापिण्यातून १३ कोटी ७१ लाख आले. म्हणजे मैदानावर येणारा माणूस हा या क्लबच्या त्या वर्षीच्या उत्पन्नाचा जेमतेम पाचवा हिस्सा होता, तिन्हींत सर्वांत लहान. आणि भगदाड बुजवायची वेळ आली की पहिली पाटी नेमकी त्याच्याच डोक्यावर ठेवली जाते. प्रायोजकाला दर परवडला नाही तर तो करार संपताच दुसरीकडे जातो. टीव्हीवाले बोली लावताना घासाघीस करतात, तरीही इंग्लंडातल्या चार हंगामांच्या प्रक्षेपणासाठी ते प्रीमियर लीग या तिथल्या अव्वल साखळी स्पर्धेला ६७० कोटी पौंड मोजायला तयार झाले आहेत. चाहत्याला ही सोय नाही. किराणावाल्याने तूरडाळीचा भाव चढवला तर मी समोरच्या दुकानात जातो. युनायटेडने भाव चढवला म्हणून मी उद्यापासून त्याच शहरातल्या प्रतिस्पर्धी मँचेस्टर सिटीचा झेंडा खांद्यावर घेणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक आहे आणि सगळा हिशेब या एका गोष्टीवर उभा आहे.

तोटा आला कुठून, हा प्रश्न मात्र आमच्या सीए साहेबांना कधी पडत नाही, आणि व्यवसायाने ते हिशेब तपासनीस आहेत याचे मला राहून राहून नवल वाटते. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने हा क्लब ७९ कोटी पौंडांना घेतला, तोही मोठ्या प्रमाणावर कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबच्याच बोकांडी बसवले. ज्याचे घर विकले गेले त्यानेच घेणाऱ्याच्या गृहकर्जाचे हप्ते भरावेत, असा हा व्यवहार आहे आणि क्लब वर्षानुवर्षे ते व्याज भरत आला आहे. जुनी गोष्ट म्हणून ती सोडून देऊ. २०२४ च्या उन्हाळ्यात प्रशिक्षक एरिक टेन हाग यांचा करार वाढवला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनाच काढले. त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या भरपाईपोटी १ कोटी ४ लाख पौंड मोजले. शिवाय पाचच महिने टिकलेल्या क्रीडा संचालकाच्या गच्छंतीसाठी ४१ लाख निराळे. मी चौथ्या सीटवर बसून मोबाइलवर एक साधा भागाकार केला. मुलांच्या तिकिटामागे ४१ पौंड जादा घेतले, तर नुसती प्रशिक्षक आणि सहकाऱ्यांची भरपाई वसूल करायला अडीच लाखांहून अधिक मुलांना तिकिटे विकावी लागतील. ७४ हजार प्रेक्षकांचे क्लबचे मैदान, ओल्ड ट्रॅफर्ड, फक्त मुलांनी तीनदा गच्च भरले तरी हा खड्डा भरत नाही. मुलुंड येईपर्यंत साहेब त्या आकड्याकडे बघत होते आणि भांडुपला म्हणाले, “अरे, पण पीएसआर असतो ना.”

पीएसआर, म्हणजे प्रीमियर लीगचा क्लबांच्या नफा-तोट्याविषयीचा नियम, होताच. २०२५-२६ च्या हंगामापर्यंत त्यानुसार तीन वर्षांत मिळून साडेदहा कोटी पौंडांहून जास्त तोटा दाखवता येत नसे, आणि हा नियम मोडल्यामुळे २०२३-२४ च्या हंगामात एव्हर्टन आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचे गुण कापले गेले, हे मला मान्य आहे. क्लबचे पैशाचे गणित जुळले पाहिजे, या मताच्या मी विरुद्ध नाही. परंतु नियम तोट्याला मर्यादा घालत होता. ती मर्यादा दहा वर्षांच्या मुलीकडून वसूल करा, असे त्या नियमात कुठेही लिहिलेले नव्हते.

आता कोणी म्हणेल की मुंबईत बसून तुम्हाला ओल्ड ट्रॅफर्डच्या तिकिटाचे काय पडले आहे. तिकीट आम्हीही काढतो, फक्त ते निराळ्या खिडकीवर. गेल्या महिन्यात याच साहेबांच्या आग्रहावरून लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या पबमध्ये सामना बघायला गेलो. आत शिरतानाच माणशी दीड हजार रुपये कव्हर चार्ज; तो खाण्यापिण्यातून वळता होणार, पण ‘निवडक पदार्थांवर’, आणि निवड अर्थातच त्यांची. आम्हाला मिळालेल्या टेबलासमोर गिरणीचा बिडाचा खांब होता. त्याला काळा रंग फासून वर पिवळा दिवा टांगला होता आणि त्या खांबामुळे पडद्याचा डावा तिसरा हिस्सा मला दिसत नव्हता, म्हणजे युनायटेडचा डावा बचावपटू नव्वद मिनिटांत काय करत होता हे मला आजही ठाऊक नाही (त्याने फारसे काही केले नसावे). बटाट्याच्या काड्या ४४५ रुपये, पाण्याची बाटली १२० रुपये, त्यावर १० टक्के सेवा शुल्क, मग कर. सेवा शुल्क ऐच्छिक असते, ते वगळा, असे मी म्हटले तेव्हा वेटर व्यवस्थापकाकडे बघू लागला, व्यवस्थापक माझ्याकडे, आणि साहेबांनी टेबलाखालून माझा पाय दाबला.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. पहिली पाळी करून ते आणि त्यांचे सोबती कूपरेजला रोव्हर्स कपचे सामने बघायला जात. लाकडी गॅलरीत दाटीवाटीने बसायचे, खारे दाणे खायचे आणि कोलकात्याहून आलेल्या मोहन बागान किंवा ईस्ट बंगालला मनसोक्त शिव्या द्यायच्या, हा त्यांचा सणच असे. त्या काळी मफतलाल आणि ऑर्के मिल्स यांचे स्वतःचे फुटबॉल संघ होते. कापड विणणाऱ्या कंपन्या संघ बाळगत आणि विणणारे हात टाळ्या वाजवायला हजर असत. १८९१ मध्ये सुरू झालेला रोव्हर्स कप २००१ नंतर बंद पडला. ज्या खांबाखाली वडिलांसारख्यांचे साचे चालले असतील, त्याच्या आडून मी दीड हजार रुपये भरून मँचेस्टरचा सामना अर्धवट बघत होतो, आणि शेजारी बसलेला माणूस मला सांगत होता की या जागेचे भाडेही बघायला हवे ना.

आपल्याकडच्या क्लबांचे दाखले तर साहेब हमखास देतात. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघच गुंडाळला. २००७ मध्ये निघालेला मुंबई एफसी २०१७ मध्ये संपला. इंडियन सुपर लीगचे तर विचारूच नका: फुटबॉल महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातला, महासंघाला वर्षाला ५० कोटी रुपये देणारा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता, नवा काही ठरत नव्हता, आणि एरवी सप्टेंबरच्या आसपास सुरू होणारी स्पर्धा सुरू व्हायला २०२६ चा फेब्रुवारी उजाडला. मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने २०१९ मध्ये मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता. तोही २०२५ च्या डिसेंबरात बाहेर पडला. “बघ,” साहेब म्हणतात, “पैसा नसला की असे होते.” बरोबर आहे. पण यातला कोणता संघ तिकीट स्वस्त होते म्हणून बुडाला? महिंद्रच्या प्रेक्षकांनी पन्नास रुपये जास्त मोजले असते तर कंपनीने निर्णय फिरवला असता का? संघ काढण्याचा निर्णय वरच्या मजल्यावर झाला आणि मोडण्याचाही तिथेच झाला. दोन्ही वेळा आम्हाला ते वर्तमानपत्रातून कळले.

मला खरी चीड इथेच आहे. आमच्या गल्लीतले गणेशोत्सव मंडळ ५०१ रुपयांची वर्गणी घेते तेव्हा पावती देते आणि विसर्जनानंतरच्या बैठकीत जमाखर्च वाचून दाखवते. मांडववाल्याला इतके का दिले, असे विचारण्याचा हक्क ५१ रुपये देणाऱ्या आजोबांनाही असतो आणि ते तो दरवर्षी बजावतात. जर्मनीत क्लबांच्या बाबतीत साधारण हेच चालते. तिथल्या ‘पन्नास अधिक एक’ या नियमामुळे, काही अपवाद सोडले, तर निम्म्याहून अधिक मताधिकार सदस्यांकडे राहतो. म्हणूनच डॉर्टमुंडच्या मैदानात जवळपास २५ हजार लोक आजही स्वस्तात उभे राहून सामना बघतात, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत लीगमध्ये बाहेरचा गुंतवणूकदार आणण्याचा बेत चाहत्यांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून फेकून हाणून पाडला. इंग्लंडातही हे जमलेले आहे. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी लिव्हरपूलने ७७ पौंडांचे तिकीट विक्रीला आणायचे ठरवले म्हणून ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार लोक उठून चालते झाले. संघ तेव्हा २-० ने पुढे होता, सामना २-२ असा सुटला, आणि चार दिवसांत मालकांनी माफी मागून दर गोठवले. त्या दहा हजारांपैकी कोणी क्लबचा ताळेबंद मांडीवर घेऊन बसला असता तर आज ते तिकीट शंभराच्या पुढे गेले असते.

विश्वचषकाचे तर मी बोलतच नाही. कतारमध्ये अंतिम सामन्याचे सर्वांत महाग तिकीट सोळाशे डॉलरांच्या आसपास होते. २०२६ साठी मागणीनुसार बदलणारे दर लावले आणि सुरुवातच सहा हजारांच्या पुढे झाली. बोंबाबोंब झाल्यावर निष्ठावान चाहत्यांसाठी ६० डॉलरांची थोडी तिकिटे काढली. दानधर्म म्हणतात तो हाच.

एवढे होऊनही गप्प बसलो असतो. परंतु मागच्या शनिवारी मी फॅशन स्ट्रीटवरून साडेतीनशे रुपयांची लाल जर्सी घेतली, ती बघून साहेबांनी मला सुनावले की अशा नकली मालाने क्लबचे नुकसान होते, खरी जर्सी पाच हजारांच्या घरात असली तरी ती घेणे हे आपले कर्तव्य आहे, तुझ्यासारख्यांमुळेच क्लबला तिकिटे वाढवावी लागतात. हे ऐकत आम्ही ठाणे स्टेशनबाहेरच्या गाडीवर पोहोचलो. साहेबांनी दोन वडापाव घेतले आणि चाळीस रुपये पुढे केले. गाडीवाला म्हणाला, “साहेब, कालपासून बावीस केलाय.”

“बावीस? का?”

“तेल महागलंय, बेसन महागलंय. पाववाल्यानं पण वाढवलेत.”

“मग त्याला आम्ही काय करणार?” साहेब कडाडले. “तुमचे खर्च वाढले की आमच्या खिशातून काढणार का? दहा वर्षांचं गिऱ्हाईक आहे मी तुमचं!”