अण्णांचं स्थळ

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये कुणीही आलं की चपला काढता काढता त्याची नजर हॉलमधल्या काचेच्या पेटीवर जाते आणि बूड टेकायच्या आत ठरलेले तीन प्रश्न येतात. चावतो का? खातो काय? आणि तिसरा, मान तिरकी करून, आवाजात दया कालवून: "एकटाच होय गं बिचारा?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी आनंदानं देते. चावत नाही. रातकिडे, अळ्या, झुरळं (विकतची, मोरीतली नव्हेत) आणि हिरवा पाला खातो. तिसऱ्या प्रश्नाला मात्र माझं डोकं उठतं. कारण त्याचं उत्तर कुणालाच नको असतं. प्रश्न विचारणाऱ्यानं ते मनात आधीच ठरवलेलं असतं: अण्णाला सोबत पाहिजे.

अण्णा म्हणजे आमचा बिअर्डेड ड्रॅगन, दाढीवाला सरडा. मूळ गाव ऑस्ट्रेलियाचा कोरडा मध्यभाग. अर्थात पूर्वजांचं. तो देश आपले रानातले सरडे बाहेर विकू देत नाही, त्यामुळे जगभर घराघरांत बसलेले हे महाभाग कित्येक पिढ्या पेटीतच जन्मलेले. अण्णा शेपटीसकट दीड फुटाचा, रंगानं वाळूसारखा, गळ्याखाली काटेरी दाढी. लेकीनं कॉलेजात असताना आणला. पुढे ती नोकरीला बंगळुरूला गेली, पेटी इथेच राहिली. नाव तिनंच ठेवलं, आणि त्या नावापायी मी पीएमटीत एकदा चांगलीच गाजले. "अण्णांना चार दिवस शी झालेली नाही, कोमट पाण्यात बसवलं तरी नाही," असं मी तिला फोनवर सांगत होते, तर शेजारच्या सीटवरच्या बाईंनी उतरायच्या आत मला एरंडेलाचं प्रमाण समजावून दिलं.

आता मुद्द्याचं. ही जातच मुळी एकलकोंडी. रानात एकेक नर आपापला इलाखा धरून वाळक्या फांदीवर नाहीतर कुंपणाच्या खांबावर बसतो आणि दिवसभर टेहळणी करतो. दुसरा नर दिसला की दाढी फुगून काळीकुट्ट होते, डोकं वरखाली जोरात आपटायला लागतं. समोरच्यानं माघार घेतली तर ठीक, नाहीतर चावाचावी. माद्यांचंही आपसात फारसं गूळपीठ नसतं. पिल्लं तर एकमेकांची बोटं आणि शेपटीची टोकं खाऊ समजून तोडतात. दुकानात टबभर पिल्लं एकावर एक पहुडलेली असतात आणि बघणाऱ्याला वाटतं, किती हा जिव्हाळा. ती तिथे विकायला ठेवलेली असतात, संसाराला नव्हे.

"शेपटीचं काय एवढं?" सासूबाई म्हणाल्या. "येते की परत. आपल्या पालीची नाही का येत?"

पालीची येते. यांची गेली की गेली.

सासूबाईंचं आणि अण्णाचं नातं हा स्वतंत्र विषय आहे. तो घरात आला त्या दिवशी त्यांनी देवघरात जाऊन दार लावून घेतलं होतं. हल्ली सकाळी त्या पेटीशेजारी खुर्ची टाकून त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवतात. जास्वंदीचं फूल त्याला चालतं, नव्हे फार आवडतं, हे कळल्यापासून गॅलरीतल्या झाडाची वाटणी झाली आहे: पहिलं फूल गणपतीला, दुसरं अण्णाला. ज्या दिवशी एकच उमलतं त्या दिवशी त्या बराच वेळ झाडाजवळ उभ्या असतात. त्याच्या डोक्यावर मधोमध उजेड-सावली ओळखणारा एक बारीक तिसरा डोळा असतो, हे मी बोलून गेले आणि तेव्हापासून सोमवारी त्याला बेलाचं पान दाखवायचं की नाही, यावर त्यांचा विचार चालू आहे. अशा बाईला "त्याला बायको नको" हे कोण पटवणार?

माझी खरी अडचण फोटोंची आहे. प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये कुठून तरी आलेला तोच फोटो असतो: दोन ड्रॅगन एकमेकांच्या अंगावर निवांत पसरलेले. "बघ, कसे बिलगलेत! आणि तू म्हणतेस एकटं ठेवायचं."

मग मी पेटी दाखवून समजावते. चार फूट लांब पेटी. एका टोकाला दिवा आणि त्याखाली दगड, तिथे ४० अंशांच्या आसपास ऊब. दुसरं टोक २५-२६ अंशांवर, सावलीचं. वर यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांची नळी, कारण त्या किरणांशिवाय खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडं मऊ पडतात. अंग तापल्याशिवाय याला अन्नही पचत नाही. म्हणजे तो दगड हेच त्याचं सगळं वैभव. आता फोटोत बघा. वरच्याला ऊन आहे. खालच्याच्या वाट्याला वरच्याचं पोट आहे. त्याला प्रेम म्हणत नाहीत, अतिक्रमण म्हणतात. काही दिवसांनी खालचा सावलीच्या कोपऱ्यात जाऊन बसतो, खाणं कमी होतं, वजन उतरतं. भांडण नाही, रक्त नाही, काही नाही. मालक कौतुकानं सांगत असतो की हा जरा शांत स्वभावाचा आहे.

हे ऐकून आमच्या वन्सं, ज्यांचा संसार एकत्र कुटुंबात झाला, बराच वेळ गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "त्या खालच्याचं पुढे काय झालं गं?"

दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना मात्र असला काही गहिवर येत नाही. सदाशिव पेठेतल्या आपल्या जुन्या घरात ते मुलं कॉट बेसिसवर ठेवतात. त्यांनी पेटीला एक फेरी मारली, वीत लावून मोजमाप घेतलं आणि निकाल दिला, "जागा वाया घालवताय. याच्यात दोन सहज मावतात. माझ्याकडे बारा बाय दहात चौघं असतात, तीन कॉट आणि एक गादी."

"भांडत नाहीत?"

"भांडतात ना. पण भाडं चौघांचं येतं."

त्यांच्या खोलीत चार मुलांत एकच प्लग पॉइंट आहे हे मला ठाऊक होतं, कारण त्यातला एक मुलगा भाडं द्यायला आला की आमच्याकडे फोन चार्ज करून जातो. पेटीतला तो दगड म्हणजे तो प्लग, असं मी सांगितलं. आजोबांना ते लगेच समजलं. फक्त उपाय त्यांनी त्यांच्या पद्धतीचा सुचवला: आणखी एक दिवा लावा आणि त्याचे वेगळे पैसे घ्या. पण दोन दिवे लावले, पेटी दुप्पट केली, तरी दांडगा असेल तो दोन्ही दगडांवर हक्क सांगतो आणि दुसऱ्याला नुसतं बघून बघूनच ताण येतो. मोठ्या जागेत दोन माद्या नांदवणारे लोक आहेत, नाही असं नाही. पण त्यांची दुसरी रिकामी पेटी कायम तयार असते, त्यातच काय ते आलं.

हिवाळ्यात या दयाळू मंडळींना जोर चढतो. डिसेंबरात पुण्याची रात्र दहाच्या आसपास उतरली की अण्णा खाणं सोडतो, कोपऱ्यातल्या पोकळ लाकडात शिरतो आणि कित्येक आठवडे झोपा काढतो. या जातीची ती रीत आहे. डॉक्टरकडे नेऊन, पोटात जंत वगैरे नाहीत ना, हे बघून घेतलं की काळजी नसते. पण समोरच्या काकूंनी निदान केलं ते नैराश्याचं. "खंगलाय गं. जोडीदार हवा या वयात." काकूंचे यजमान त्या वेळी त्यांच्याच हॉलमध्ये, त्यांच्याच सोबतीनं, त्याच पद्धतीनं झोपलेले होते, ते मात्र निरोगी.

शेवटी आमच्या ह्यांनी पेटीवर एक पाटी लावली. सुवाच्य अक्षरात:

"येथे एकच राहतो. त्याची तक्रार नाही. काचेवर टकटक करू नये, आतून उत्तर मिळत नाही. दुसरा आणण्याची सूचना करणाऱ्यांनी प्रथम स्वतःच्या जावेबरोबर एका ओट्यावर महिनाभर स्वयंपाक करून दाखवावा."

पाटीचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरले, शेजारच्या सोसायटीत गेले, आणि त्यातूनच स्थळ आलं.

ह्यांच्या ऑफिसातलं एक कुटुंब कॅनडाला निघालं होतं. त्यांच्याकडे राणी. "आमची एकटी, तुमचा एकटा," त्या बाई फोनवर म्हणाल्या, "नुसतं दाखवायला आणतो, मग तुम्ही ठरवा." मी म्हटलं, एका पेटीत ठेवायची नाही, हात लावण्याआधी आणि नंतर धुवायचे. नव्या जनावराकडून विषाणू येऊ शकतो, पोटातले परजीवी येऊ शकतात, वरून ठणठणीत दिसत असलं तरीही. म्हणून नवीन आलेल्याला महिने दोन महिने वेगळं ठेवतात. बाई दुखावल्या. "अहो, आमची राणी कधी घराबाहेरसुद्धा पडलेली नाही."

सासूबाईंनी पोहे केले. वर खोबरं, कोथिंबीर, सगळं. मंडळी आली. राणीला प्लास्टिकच्या डब्यातून आणून डायनिंग टेबलावर ठेवलं, हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला. या प्राण्यांची नजर तीक्ष्ण असते. अण्णानं मान वळवली, दगडावरून उठला, अंग चपटं केलं, दाढी डांबरासारखी काळी झाली आणि डोकं गदागदा वरखाली हलायला लागलं.

"हो म्हणतोय!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तिकडे राणीनं पुढचा एक पाय उचलला आणि हवेत संथपणे गोल फिरवला.

"आणि ती टाटा करतेय!"

मी म्हटलं, तो होकार देत नाहीये, "चालता हो" म्हणतोय. आणि तिचं टाटा नाहीये, "चुकलं, मारू नका" आहे. हॉलमध्ये शांतता पसरली. सासूबाई म्हणाल्या, "नकार होता तर मग मला पोहे कशाला करायला लावलेस?"

त्यांची खरी आशा नातवंडांवर होती. मादी एका खेपेला वीसेक अंडी घालते, नराची एकदा गाठ पडली की पुढच्या खेपांचीही सोय तिच्या पोटात साठलेली असते आणि या साऱ्यापायी तिच्या अंगातलं कॅल्शियम उपसलं जातं, हे मी सांगितलं. सासूबाईंनी बोटं मोजली आणि पोह्यांची बशी खाली ठेवली. "वीस? एका वेळी?"

मग मला शंका आली. राणीला अलगद तळहातावर घेऊन शेपटी जराशी वर केली आणि मुळाशी पाहिलं. मादीला तिथे मधोमध एकच उंचवटा असतो. राणीला दोन होते, बाजूबाजूला, मध्ये खळगा. नर.

बाईंचा विश्वास बसेना. "अहो, पण मागच्या वर्षी पोट एवढं मोठं दिसत होतं, आम्ही तिचं डोहाळजेवण केलं!" काय काय केलं होतं जेवायला, असं ह्यांनी विचारलं. अळ्या. पोट त्यानंच दिसत होतं.

इथे ह्यांना विज्ञान सुचलं. या जातीत अंडी ३२ अंशांच्या वर फार उबली तर जनुकांनी नर असलेलं पिल्लूही मादी होऊन बाहेर येतं, आणि रानातसुद्धा असं घडतं हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिलं, वगैरे. सासूबाईंनी चष्मा पुसला. "म्हणजे पत्रिका मुलाची आणि प्रत्यक्षात मुलगी? बरं झालं आमच्या वेळी हे माहीत नव्हतं." राणीच्या बाबतीत तसलं काहीच नव्हतं. तो सरळ साधा मुलगा होता, बारशालाच घोटाळा झालेला.

पण कॅनडाची तिकिटं निघालेली होती, आणि निरोपाच्या वेळी त्यांचा धाकटा मुलगा डब्याला कवटाळून असा रडला की राणी आमच्याकडेच राहिली. बेडरूममध्ये. स्वतःची पेटी, स्वतःचा दगड, स्वतःची नळी. दार लावलेलं, म्हणजे एकमेकांचं दर्शन नको. आमचं कपाट त्यासाठी गॅलरीत गेलं आणि उन्हाळ्यात ह्यांची गादी हॉलमध्ये आली. वीजबिलाबद्दल मी बोलत नाही. नाव बदलायचं सासूबाईंनी नाकारलं. नवा जीव नव्या घरात आलाय, त्यात नावही बदललं तर बावचळेल, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे "राणी आज मूडमध्ये नाही, त्याची दाढी काळी पडली आहे" अशी वाक्यं आमच्याकडे आता सहज बोलली जातात.

पाहुण्यांचं बोलणं थांबलेलं नाही, फक्त विषय बदलला आहे. समोरच्या काकू परवा म्हणाल्या, "दोघं असून दोन खोल्यांत? भिंत घातलीत मध्ये?" वन्सं मात्र राणीच्या पेटीशी उभ्या राहून म्हणतात, छान केलंस, त्याला त्याचा स्वतंत्र ओटा दिलास.

आजोबा गेल्या रविवारी पाहणीला आले. आधी हॉल पाहिला, मग बेडरूम. दोन्ही दगडांवर हात धरून ऊब बघितली, दिवे किती तास असतात ते विचारलं, भाज्यांची वाटी हुंगली. त्या दिवशी शेवग्याचा पाला आणि किसलेला लाल भोपळा होता.

"स्वतंत्र खोली," ते बोटं मोजत म्हणाले, "गरम हवा, दोन वेळचं जेवण जागेवर, साफसफाई तुमची. आणि डिपॉझिट किती घेतलंत?"

घेतलं नाही म्हटल्यावर ते जिना उतरायला लागले. खालच्या वळणावर थांबून त्यांनी विचारलं, "निदान करार तरी अकरा महिन्यांचा केलाय ना?"