सीट खाली, गियर जड, आणि दोष मात्र वयाचा: त्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात तो मेसेज मला चार ग्रुपवर आला, सोसायटीच्या, शाळेच्या, बायकोच्या माहेरच्या आणि कहर म्हणजे आमच्या सायकलवाल्या ग्रुपवर पण. वर "साठी ओलांडलेल्यांनी जरूर वाचा, एका मोठ्या हाडांच्या डॉक्टरांचा सल्ला", डॉक्टरांचं नाव कुठेच नाही, खाली हात जोडलेले आणि दहा जणांना पाठवा. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साठीनंतर सायकल चालवली की गुडघ्यातलं वंगण संपतं. तरी चालवायचीच असेल तर सीट इतकी खाली करा की बसल्या बसल्या दोन्ही तळवे जमिनीला टेकतील. सीट जाड आणि मऊ घ्या. गियर जड ठेवा, नाहीतर व्यायाम होत नाही. नाडी शंभरच्या वर गेली की लगेच थांबा. वाकडं (रोड बाइकला असतं तसं, खाली वळलेलं) हँडल म्हाताऱ्यांनी लावू नये, मणके जातात. पुढचा ब्रेक कधीच लावू नका. आणि शेवटी, रोज सायकल चालवली की हाडं वज्रासारखी होतात, दुसरा काही व्यायाम नको.

म्हणजे वर गुडघे जातात आणि खाली हाडं वज्राची, हे एकाच माणसाने लिहिलंय की दोघांनी मिळून, देव जाणे.

मी डॉक्टर नाही. ६४ वर्षांचा आहे, पुण्यात राहतो, रिटायर व्हायच्या आधीपासून रोड बाइक चालवतोय, खडकवासला आठवड्यातून तीनदा आणि जुना कात्रज घाट महिन्यातून एकदा. त्यामुळे चुका भरपूर करून झाल्यात.

वंगणापासून सुरू करू. गुडघा म्हणजे स्कूटरची टाकी नाही की भरली तेवढीच वापरायची. सांध्यातला द्रव शरीर सतत बनवत असतं, आणि कूर्चेला (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण त्या द्रवातूनच होतं आणि ते हालचालीमुळे होतं. गुडघा बदलल्यावर फिजिओथेरपिस्ट लोक पेशंटला जागेवरच्या सायकलवर बसवतात ते काय उरलंसुरलं वंगण संपवायला? चालण्या-पळण्यात प्रत्येक पावलाला गुडघ्यावर आदळआपट होते, सायकलवर बरंचसं वजन सीटवर असतं. पण म्हणून सायकलवाल्यांचे गुडघे दुखतच नाहीत असं मी म्हणणार नाही, दुखतात, माझे दुखलेत, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा पुढच्या दोन सल्ल्यांमध्येच आहे.

दोन्ही तळवे टेकतील इतकी सीट खाली. हा सल्ला वाचून मला खरंच राग आला, कारण ऐकायला तो अगदी शहाणपणाचा वाटतो आणि मुलं-सुना कौतुकाने बाबांची सीट खाली करून देतात. सीट खाली असली की पेडल वर येताना गुडघा छातीकडे येतो आणि पेडल खाली गेलं तरी पाय मोकळा होत नाही. प्रत्येक फेरीत गुडघा भरपूर वाकलेला आणि त्याच अवस्थेत जोर लावायचा, म्हणजे गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. मिनिटाला साठ फेऱ्या धरल्या तर तासाला प्रत्येक गुडघ्याच्या ३६०० बैठका. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीच्या आसपास दुखत असेल तर आधी सीटची उंची बघा, जन्मतारीख नंतर.

आमच्या ग्रुपमधले बँकेतून रिटायर झालेले एक काका होते (म्हणजे आहेत, अजून चालवतात), ते पेडल मारताना गुडघे दोन्ही बाजूला फाकायचे बेडकासारखे, आणि वीस किलोमीटर झाले की गुडघ्याला बाम. एका रविवारी त्यांच्या पार्किंगमध्ये सायकल भिंतीशी घेतली, ते सीटवर बसले, एक हात भिंतीला, मी हँडल धरलं. पेडल अगदी खाली आणलं आणि त्यावर चवडा नाही, टाच ठेवायला सांगितली. अशा वेळी पाय सरळ व्हायला पाहिजे, ताणून नाही आणि कंबरही त्या बाजूला कलायला नको. काकांचा गुडघा चांगलाच वाकलेला. सीट वर घेतली, पण एकदम नाही, कारण इतकी वर्षं आखडलेल्या शिरा एका दिवसात सोडत नाहीत. दोन आठवड्यांत तीन टप्प्यांत मिळून पाच सेंटिमीटर. दर वेळी सीटच्या पाइपवर काळी चिकटपट्टी गुंडाळून खूण केली, म्हणजे मागे यायचं झालं तर कुठे यायचं ते कळावं. पाइपवर कंपनीची एक रेघ असते, ती बाहेर दिसेल इतका पाइप वर काढायचा नाही, एवढं मात्र बघा. टाच लावून पाय सरळ होतो तेव्हा चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो, साधारण २५ ते ३५ अंश, तेवढाच हवा. उलट गुडघ्याच्या मागच्या बाजूला ओढ लागली किंवा मागून बघणाऱ्याला कंबर डावी-उजवी डुलताना दिसली तर सीट जास्त वर गेली, पाच मिलिमीटर खाली घ्या. आणि हे सगळं ज्या बुटात चालवता ते बूट घालूनच करा, काकांनी पहिल्यांदा स्लीपर घालून माप दिलं होतं.

"मग थांबताना पाय कसा टेकणार?" हा त्यांचा प्रश्न, आणि खरी भीती तिथेच आहे, कारण आमच्या वयाची बरीच माणसं पळत्या सायकलवरून नाही, सिग्नलला उभ्या उभ्या पडतात. उत्तर असं की सीटवर बसून पाय टेकायचाच नाही. वेग कमी होत आला की एक पेडल खाली, त्यावर उभं राहायचं, बूड सीटवरून पुढे सरकवायचं आणि दुसरा पाय जमिनीवर. निघताना उलटं, दांडी दोन पायांच्या मध्ये घेऊन उभं राहा, एक पेडल पुढच्या बाजूला थोडं वर, घड्याळात दोन वाजतात तिथे, त्यावर वजन टाकलं की सायकल पुढे जाते आणि तुम्ही आपोआप सीटच्या उंचीला येता. लहानपणी दांडीखालून पाय घालून भाड्याची सायकल चालवलेल्या पिढीला हे जमत नाही असं मला कोणी सांगू नये. टांग टाकताना कंबर साथ देत नसेल तर सायकल स्वतःकडे भरपूर कलती करा, जवळजवळ आडवी, सीट गुडघ्याच्या उंचीला येते, मग पाय पलीकडे टाकून सायकल उभी करायची. काकांनी हे मोकळ्या पार्किंगमध्ये पंधरावीस वेळा केलं, वॉचमन बघत होता, हसला नाही.

आता जड गियर. आपल्या पिढीची ही सवयच, काळ्या सायकलला एकच गियर, चढ आला की उभं राहून रेटायचं, आणि मांडीत जळजळ झाली की वाटायचं व्यायाम झाला. पण तेवढाच वेग तुम्ही हलक्या गियरवर जास्त फेऱ्या मारून ठेवलात तर प्रत्येक फेरीला गुडघ्यावरचा जोर कमी होतो, काम फुप्फुसांकडे जातं, आणि फुप्फुसं दुसऱ्या दिवशी जिना चढताना कुरकुरत नाहीत. सपाटीवर मिनिटाला ७० ते ८५ फेऱ्या बऱ्याच जणांना मानवतात, मोजायला घड्याळ बघत पंधरा सेकंद एक गुडघा किती वेळा वर येतो ते मोजा आणि चारने गुणा. चढ दिसला की चढ लागायच्या आधीच गियर उतरवा, अडकल्यावर नाही. मी स्वतः पुढे ५० आणि ३४ दात्यांची चक्रं आणि मागे ११ ते ३४ दात्यांचा कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) लावून घेतलंय, सगळ्यात हलक्या गियरला पेडलची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी, कात्रज घाटात ताशी आठ-नऊने टुकूटुकू जातो, शेजारून पोरं हसत जातात, जाऊ देत. दुकानदार तुम्हाला "अंकल, इतका मोठा कॅसेट कशाला" म्हणेल. घ्या मोठाच.

मऊ सीटचं थोडक्यात. बसायची दोन हाडं असतात ती टेकली की बाकीचं अंग मोकळं राहतं. जाड जेलच्या सीटमध्ये ती हाडं रुततात आणि मधला नाजूक भाग वर दाबला जातो, दुकानात दोन मिनिटं बसून छान वाटतं, तासाभराने बधिरपणा. घट्टसर, आपल्या हाडांच्या रुंदीची, मध्ये खाच असलेली सीट, नाक वर न उचललेलं, वर पॅडवाली चड्डी (आत अंडरवेअर न घालता, हे कोणी सांगत नाही म्हणून सांगितलं) आणि दर दहा मिनिटांनी क्षणभर पेडलवर उभं राहणं. एवढं करूनही बधिर होत असेल तर सहन करू नका, सीट बदला आणि डॉक्टरांनाही सांगा. आणि प्रोस्टेटची पीएसए चाचणी असेल तर आधीचे दोन दिवस सायकल टाळा असं बरेच डॉक्टर सांगतात, ते पाळायला काही जात नाही. आणखी एक, दणके सीटमुळे नाही तर टायरमुळे कमी होतात. ३२ मिलिमीटरचा टायर, माणूस सत्तर किलोचा, तर साठ पीएसआयच्या (पंपावरचा हवेच्या दाबाचा आकडा) आसपास हवा पुरते. पंक्चरवाल्याकडून दगडासारखी कडक भरून घ्यायची आणि मग मनगटं दुखतात म्हणायचं, असले लोक मी रोज बघतो.

नाडी शंभरच्या वर नको म्हणे. अहो, तिसऱ्या मजल्यावर भाजीच्या पिशव्या घेऊन गेलात तरी शंभर पार होते! २२० वजा वय हे ढोबळ सूत्र धरलं तरी पासष्टीला १५५ येतात, आणि ते सूत्रही दहाबाराने इकडेतिकडे होतं. बीपीची काही औषधं नाडी फारशी वाढू देत नाहीत, त्यांनी तर घड्याळाच्या आकड्यावर जाऊच नये. साधी खूण म्हणजे पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये, हा चांगला वेग. छातीत दडपण, चक्कर, जबड्यात किंवा हातात दुखणं आलं तर त्याच क्षणी थांबा, मग नाडी नव्वद असो.

फ्रान्समध्ये रोबेर मार्शां नावाचे गृहस्थ होते, जन्म १९११ चा, त्यांनी २०१४ मध्ये १०२ व्या वर्षी एका तासात २६.९२७ किमी सायकल चालवली. १०१ ते १०३ या वयात त्यांची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता (मिनिटाला, वजनाच्या दर किलोमागे) ३१ मिलिलिटरवरून ३५ वर गेली, कमी नाही झाली, वाढली. वर्षाला साधारण ५००० किमी, त्यातलं ८० टक्के आरामात आणि २० टक्के दम लागेल असं. ते २०२१ मध्ये १०९ व्या वर्षी गेले. आता ते अपवाद होते हे कबूल, शंभर नाडीला थांबा म्हणणाऱ्याला दाखवायला मात्र ठीक.

वाकडं हँडल. मणक्याचा खरंच त्रास असेल तर सरळ हँडल घ्या, त्यात काही कमीपणा नाही. पण सरळ हँडलला हात ठेवायची एकच जागा, वाकड्याला तीन, आणि हात बदलत राहिलं की तळव्याच्या नसा दबत नाहीत, करंगळी झिणझिणत नाही. त्रास वाकडेपणाचा नसतो, हँडल खाली आणि लांब असण्याचा असतो, दुकानात हँडल दोन सेंटिमीटर वर आणि जवळ घेता येतं. माझी मान दुखायची त्याचं कारण तर चष्मा निघालं, फ्रेम नाकावरून घसरायची आणि वरच्या कडेच्या पलीकडे बघायला मी मान उंच करायचो. मागे दोरी बांधली, संपलं. प्रोग्रेसिव्ह काच (वर लांबचा, खाली जवळचा नंबर) असेल तर चाकाजवळचा खड्डा खालच्या भागातून धूसर दिसतो, तेव्हा नजर लांबच ठेवा.

पुढचा ब्रेक मात्र गंभीर आहे. ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकावर जातं, त्यामुळे थांबवायची खरी ताकद तिथेच असते, फक्त मागचा दाबलात तर चाक घसरतं आणि सायकल लवकर थांबत नाही. उलटून पडतात ते सरळ हातांनी, एकदम कचकन दाबणारे. दोन्ही एकत्र, हळूहळू वाढवत, बूड मागे, कोपर सैल. आणि कुठल्या हाताला कुठला ब्रेक आहे ते आधी उभ्या सायकलवर तपासा, आपल्याकडे दोन्ही तऱ्हेच्या सायकली विकल्या जातात. मी एकदा मित्राची सायकल घेतली तेव्हा हात उलटे होते, उतारावर कळलं.

राहिलं हाडं वज्रासारखी. फॉरवर्डमधलं हे एकच लोकांना आवडणारं वाक्य आणि नेमकं तेच चूक. सायकलवर हाडांवर भार पडत नाही म्हणून गुडघ्यांना बरं, पण त्याच कारणाने हाडांना घट्ट व्हायला निमित्तही मिळत नाही, खूप सायकल चालवणाऱ्यांच्या मणक्यांची घनता कमी भरलेली आढळते. त्यामुळे आठवड्यातून दोनदा वजनं, जिने, खुर्चीवरून हात न लावता उठबस, आणि बायकांनी तर नक्कीच. मी हे ग्रुपवर लिहिल्यावर तेच काका म्हणाले की बरं झालं सांगितलंत, मी कालच तो मेसेज पुढे पाठवला होता, दहा जणांना.