रोग टायरला, औषध इंजिनाला

ऑफ-रोड गाडी सजवण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी मोठे टायर. ते मडगार्डला घासतात म्हणून गाडी उंच करणारं लिफ्ट किट. मग पुढे लोखंडी बंपर, बंपर रिकामा दिसतो म्हणून त्यावर विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारी मोटर), टपावर रॅक, रॅकवर दुसरी स्टेपनी आणि ती खाली उतरवता यावी म्हणून मागच्या दाराला शिडी. एवढा संसार पाठीवर घेऊन गाडी चढावर धापा टाकू लागली की मालक चिंताक्रांत चेहऱ्याने बॉनेट उघडतो. इंजिनाला काहीही झालेलं नसतं. कंपनीतून निघताना जेवढी ताकद होती तेवढीच ते आजही इमानेइतबारे देत असतं. पण गाडीवरून दोन-तीनशे किलो उतरवा म्हटलं की लोकांना राग येतो, आणि ट्यूनर (ईसीयूमधला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातला प्रोग्रॅम बदलणारं उपकरण) घ्या म्हटलं की आनंद होतो.

घ्यावा का? माझ्या मते घ्यावा, फक्त खोक्यावर जे छापलेलं असतं त्यासाठी नव्हे. खोक्यावर हॉर्सपॉवर असते. खरा फायदा आत मेनूच्या तळाशी, ‘टायर साइज’ नावाच्या एका कंटाळवाण्या ओळीत दडलेला असतो.

हिशेब बघा. २९ इंची टायर काढून ३३ इंची घातले. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी आता १४ टक्के जास्त पुढे जाते आणि ही बातमी ईसीयूला कुणीच दिलेली नसते. तो बिचारा जुन्या टायरवरच आकडेमोड करत बसतो. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६८ ने पळत असते. ओडोमीटरवर १०० किलोमीटर पडतात तेव्हा प्रत्यक्षात ११४ झालेले असतात. म्हणजे खरं मायलेज दहाचं असलं तरी पडद्यावर ८.८ दिसतं. जड टायरने मायलेज खाल्लेलं असतंच, पण न खाल्लेल्याचाही आळ त्याच्यावर येतो. ट्यूनरमध्ये टायरचं खरं माप भरलं की दुसऱ्याच दिवशी मायलेज ‘वाढतं’. इंधनाचा थेंबही वाचलेला नसतो, पण मालकाचा चेहरा असा काही फुललेला असतो की त्याला खरं सांगायचं पाप निदान मी तरी करणार नाही.

ऑटोमॅटिक गियरबॉक्सची दशा याहून वाईट. मोठ्या टायरमुळे ३.७३ चा ऍक्सल रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे किती फेरे, तो आकडा) ३.२८ सारखा वागू लागतो. टॉप गियर ०.७० चा धरला, तर ताशी १०० किलोमीटरला जे इंजिन १,८८० आरपीएमवर फिरायचं ते १,६५० वर येतं. तिथे जोर कमी पडतो. जरासा चढ आला की गियरबॉक्स खालचा गियर टाकतो, चढ संपलासं वाटलं की वरचा टाकतो आणि लगेच पस्तावतो. टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिन आणि गियरबॉक्स तेलातून जोडणाऱ्या भागाचं) लॉक लागतं, सुटतं, पुन्हा लागतं, आणि या चंचलपणाची किंमत गियरबॉक्सचं ऑइल मोजतं. ८० ते ९५ अंश सेल्सिअसला ते सुखात असतं. १२० च्या वर फार वेळ राहिलं तर त्याचं आयुष्य झपाट्याने घटतं. ट्यूनरची खरी कमाई इथे. शिफ्ट पॉइंट थोडे वर सरकवले, लॉक थोडं उशिरा लावलं, की गियरबॉक्स एकदाचा एका मतावर येतो.

मात्र टायरचं माप म्हणून टायरवर छापलेला आकडा भरू नका. टायर कंपन्या इंचांच्या बाबतीत उदार असतात, आणि गाडीच्या ओझ्याखाली टायर दबतो तो वेगळाच. नेहमीची हवा भरा, नेहमीचं सामान गाडीत ठेवा. सपाट जमिनीवर, टायर जिथे टेकतो तिथे टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा. चाकाचा बरोबर एक फेरा होईल एवढी गाडी सरळ पुढे ढकला, टायरवरची खूण पुन्हा खाली आली की जमिनीवर दुसरी खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. समजा २५५ सेंटिमीटर भरलं. भागिले ३.१४१६, म्हणजे ८१.२ सेंटिमीटर, म्हणजे ३२ इंचांना जेमतेम टेकलं. ३३ च्या टायरसाठी ट्यूनरला ३२ सांगायचं. मित्रांना खुशाल ३३ सांगा. मग जीपीएसच्या वेगाशी काटा ताडून बघा. एक-दोन किलोमीटरचा फरक राहिला तर सोडून द्या.

आता जे ट्यूनरला जमत नाही ते. ईसीयूतलं कोष्टक बदलल्याने गियरचे दात बदलत नाहीत. मूळचा जोर परत हवा असेल तर ३.७३ गुणिले ३३ भागिले २९, म्हणजे ४.२४ चा रेशो लागतो. अनेक ऍक्सलना ४.१० आणि ४.५६ चे सेट मिळतात, आणि अंगावर बंपर-विंच चढवलेलं असताना ४.१० घेणारा माणूस काही महिन्यांनी ४.५६ ची चौकशी करताना दिसतो. क्राउन-पिनियन (हा रेशो ठरवणारी ऍक्सलमधली दातेरी जोडी) पुढचा आणि मागचा दोन्ही बदलायचा. एकच बदलून फोर-व्हील लावलीत तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरायला बघतील आणि त्या भांडणात ट्रान्सफर केस (दोन्ही ऍक्सलना ताकद वाटणारा डबा) मधल्या मध्ये मरेल. लो रेंजचंही (अवघड वाटेवर गाडी हळू पण जोरात नेणाऱ्या जादा गियरचंही) तसंच, ट्यूनरने ती बदलत नाही. पहिला गियर ४.४६, लो रेंज ४, ऍक्सल ४.१० असेल तर क्रॉल रेशो, म्हणजे या तिघांचा गुणाकार, ७३. ट्यूनर लावण्याआधी ७३, लावल्यानंतरही ७३. म्हणून ज्याच्याकडे पैसे एकाच कामापुरते आहेत त्याने ते गियरवर घालावेत. हा सल्ला कुणी ऐकत नाही, कारण गियर ऍक्सलच्या पोटात असतात आणि ट्यूनरला रंगीत पडदा असतो.

ताकदीबद्दल थोडक्यात. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात नुसत्या ट्यूनने पाच ते दहा टक्के मिळाले तर खूप, आणि तेही बहुधा वरच्या आरपीएमला. खडकावर ५,५०० आरपीएमला जातं कोण? जो जातो तो येताना दुसऱ्याच्या दोरीला बांधून येतो. टर्बो असेल तर बूस्ट (त्याने कोंबलेल्या हवेचा दाब) वाढवून वीस-पंचवीस टक्के सहज निघतात, पण ते क्लचला आधी विचारा. टॉप गियर, १,५०० आरपीएम, पेडल पूर्ण दाबा. आरपीएम उडी मारून वर गेले आणि वेग होता तिथेच राहिला, तर क्लचने उत्तर दिलं.

पेट्रोलच्या ट्यूनमध्ये एक सापळा आहे. अमेरिकी ट्यूनरवर ‘९१ ऑक्टेन’ लिहिलेलं असतं. अमेरिकेत पंपावरचा आकडा आरओएन आणि एमओएन (ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती) यांची सरासरी असतो. बाकी बऱ्याच जगात नुसता आरओएन लिहितात. त्यामुळे तिकडचं ९१ म्हणजे इकडचं साधारण ९५. ९१ आरओएनचं पेट्रोल भरून ९१ चा ट्यून चालवणाऱ्याला वाटतं आकडे जुळले; इंजिन मात्र नॉक करतं (पेट्रोल अवेळी पेटून ठोके देतं), नॉक सेन्सर ठिणगीचं टायमिंग मागे खेचतो, आणि विकत घेतलेली ताकद निमूटपणे परत जाते. आडरानात कुठलं पेट्रोल मिळेल याचा भरवसा नसतो, तेव्हा ट्यूनरमध्ये कमी ऑक्टेनची फाइलही ठेवावी.

आता ट्यूनरच्या नावावर फिरणारी भावंडं. सगळ्यात धाकटं म्हणजे ओबीडी पोर्टमध्ये (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये) खोचायचा स्वस्त डोंगल. त्यातले बरेचसे उघडून बघावेत असे असतात. एक चिमुकली चिप, दोन-तीन दिवे, एक बटण. गाडीचं कॅन नेटवर्क (तिचे संगणक ज्यावरून एकमेकांशी बोलतात ते) पोर्टच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांवर असतं, आणि त्या पिनांवर बोलायला जो ट्रान्सीव्हर लागतो त्याचा आत पत्ताच नसतो. वीज येते, दिवे लुकलुकतात, काम संपलं. सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं की गाडीची सवय शिकून घ्यायला त्याला दोनेकशे किलोमीटर लागतील. तेवढ्यात सवय होते ती मालकाला.

दुसरं भावंड थ्रॉटल कंट्रोलर. हा निदान काहीतरी करतो: पेडल आणि ईसीयू यांच्या मध्ये बसून खोटं बोलतो. तुम्ही पेडल ४० टक्के दाबता, तो पुढे ७० कळवतो. गाडी चपळ वाटते. पेडल तळाला टेकवल्यावर ताकद पूर्वीइतकीच. खडकावर तर हा ‘स्पोर्ट’ मोड शत्रू. गाडी हेलकावते, पाय हलतो, पेडल दाबलं जातं, गाडी उसळते, पाय आणखी हलतो. तिथे पेडल उलट मंद हवं. लो रेंजमध्ये पेडल सौम्य करणारा नकाशा ट्यूनमध्ये मिळत असेल तर मी हॉर्सपॉवरआधी तो मागेन.

डिझेलवाल्यांचं खोकं याहून बिलंदर. ते रेल प्रेशर (इंजेक्टरना जाणाऱ्या डिझेलचा दाब) मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेत बसतं आणि ईसीयूला सांगतं, दाब कमी पडतोय हो. ईसीयू घाबरून दाब वाढवतो, जास्त डिझेल जातं, ताकद वाढते. पण ईसीयूचे सगळे हिशेब खोट्या आकड्यावर चालतात. मागून काळा धूर निघू लागला की मालक खूष होतो. तो धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. वाळूत मिनिटानुमिनिटं पूर्ण पेडलवर, रेडिएटरला वारा नाही, अशा वेळी एक्झॉस्टचं तापमान चढतं. टर्बोच्या आधी पायरोमीटर (हे तापमान दाखवणारा गेज) बसवा आणि ७०० अंशांच्या वर फार वेळ राहू देऊ नका. गेज नसेल तर सर्वात तिखट ट्यून घेऊ नये.

किरकोळ पण गोड फायदे बरेच आहेत. रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा थोडा लवकर सुरू करता येतो. फक्त थर्मोस्टॅट उघडतो त्याच्या खालचं तापमान देऊ नका, नाहीतर पंखा आयुष्यभर फिरत राहील. विंच ताणली की ४०० अँपियरच्या आसपास ओढते, तेव्हा आयडल १,२०० ते १,५०० वर चढवता येणं हे बॅटरीसाठी वरदान. टायरची हवा १५ पीएसआयवर उतरवल्यावर ठणाणा करणारा डॅशवरचा दिवाही काही गाड्यांत गप्प करता येतो. आणि चेक इंजिनचा कोड जंगलातच वाचता येतो. स्नॉर्केल (इंजिनासाठी उंचावरून हवा घेणारी नळी) लावलं म्हणून बहुधा ट्यून लागत नाही. पण एअर बॉक्सच बदलला आणि आत येणारी हवा मोजणाऱ्या मास एअरफ्लो सेन्सरच्या नळीचा व्यास वाढला, तर सेन्सरला हवा कमी भासते, इंधन कमी पडून मिश्रण पातळ होतं. फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात करत असलेली दुरुस्ती) सतत अधिक दहा टक्क्यांच्या पलीकडे दिसला तर ट्यून करण्याआधी गळती आणि सेन्सरवर चढलेलं फिल्टरचं तेल शोधा.

शेवटी फ्लॅश, म्हणजे नवी फाइल ईसीयूत लिहिणं. या काळात माणूस गाडीजवळ श्वासही हळू घेतो, आणि ते योग्यच आहे. सगळ्यात आधी मूळ फाइल सेव्ह करून तिची प्रत दुसरीकडे ठेवायची. बॅटरीला व्होल्टेज स्थिर धरणारा चार्जर लावायचा. झटपट चार्ज करणारा नको. फ्रिज, लाइट बार, कंप्रेसर, पंखा सगळं बंद. लॅपटॉप वापरत असाल तर त्याची झोपायची सवय आधी मोडा. ९७ टक्क्यांवर पट्टी अडकून बसली की केबल हलवून बघायची अनिवार इच्छा होते. हात खिशात घाला. अर्धवट लिहिलेला ईसीयू बऱ्याचदा वाचवता येतो, पण तो टेबलावर उघडून. काही नव्या गाड्यांचा ईसीयू कुलूपबंद असतो, तिथे आधी कुलूप उघडलेला ईसीयू मिळवावा लागतो. ट्यूनर घेण्याआधी एवढं विचाराच.

झाल्यावर किल्ली बंद, थोडं थांबा, सुरू करा, इंजिन गरम होईपर्यंत आयडलला राहू द्या. मग लॉग (गाडी चालताना नोंदलेले आकडे) बघा. नॉकमुळे टायमिंग अधूनमधून एक-दोन अंश मागे गेलं तर चालतं; प्रत्येक चढावर पाच-सहा अंश जात असेल तर सौम्य फाइल चढवा.

आणि सर्व्हिसला जाण्याच्या आदल्या रात्री मूळ फाइल गुपचूप परत घालणारे जे असतात, त्यांनी लक्षात घ्यावं की बऱ्याच नव्या ईसीयूंमध्ये आपल्याला कितीदा लिहिलं गेलं याची मोजणी असते. मूळ फाइल परत घातली की तो आकडा एकने आणखी वाढतो.